मुतिंताच्या नद्या आणि माझा नारळ

मुतिंताचं नाव आधी लिहिते, प्रवासाचं नंतर. ती नसती तर मी हॉलंडहून मनात एक काटा घेऊन परतले असते, आणि लेकीशी धड न बोलता.

मुतिंता झांबियाची. झांबिया नावाचा देश आफ्रिकेत आहे हे मला वयाच्या बावन्नाव्या वर्षी कळलं. ती सत्ताविसाची असेल, उंच, हसली की डोळे मिटणारी. एनस्खेडे गावात ती नद्यांचं शिक्षण घ्यायला आली होती. नदीत पाणी किती, ते किती वेगानं जातं, त्यात काय काय मिसळलंय, हे मोजायचं शिक्षण. लेकीच्या घराच्या खालच्या मजल्यावर ती राहायची.

आमच्या कराडच्या वाचनालयातल्या बायकांनी हे लिहायला लावलं. मी म्हटलं, माझी शाळा चौथीत सुटली, मला काय लिहिता येणार. तर म्हणाल्या, बोलतेस तसं लिही. म्हणून बोलते आहे.

एनस्खेडे, ऑक्टोबर-नोव्हेंबर २००५

माझी लेक मेधा तिथल्या विद्यापीठात संशोधन करते. जावई नितीनराव लायडनला नोकरीला. ते गाव देशाच्या दुसऱ्या टोकाला, म्हणून ते शनिवार-रविवार येत. मी बाळंतपणाला गेले, तीन महिन्यांच्या व्हिसावर. विमानात सगळा वेळ पर्स पोटाशी धरून बसले होते. शेजारच्या बाईंनी दोनदा विचारलं, तब्येत बरी आहे ना.

मला वाटलं होतं, परदेशातलं बाळंतपण म्हणजे मोठं इस्पितळ, यंत्रं. तर सुईण घरी आली आणि म्हणाली, सगळं ठीक आहे, घरीच करू. पलंग तेवढा उंच करायचा, तिला वाकायला नको म्हणून. चार लाकडी ठोकळे आले आणि पलंग त्यांच्यावर चढला. मी मेधाला म्हटलं, "एवढं शिकून, एवढ्या लांब येऊन शेवटी तुझ्या आजीसारखंच?"

"आजीच्या पलंगाखाली ठोकळे नव्हते," ती म्हणाली.

"आजीला पलंगच नव्हता."

नोव्हेंबरात मुलगी झाली. तिचं नाव ईरा. आठवडाभर एक बाई रोज घरी येऊन बाळाला न्हाऊमाखू घालून जायची. मी तेल लावून चोळायला लागले की ती हातावर हात ठेवून म्हणायची, हळू. मीही मग तिच्यासमोर हळू चोळायची आणि ती गेली की नीट. बघायला येणाऱ्यांना तिथे गोल खरपूस टोस्टवर लोणी लावून वर बडीशेपेच्या गुलाबी गोळ्या पेरून देतात. मला ते आवडलं. आपल्याकडेही बाळंतिणीला बडीशेप देतातच की.

आमच्या ह्यांचं कराडात सायकलींचं दुकान आहे. त्यांना फोनवर रोज सायकलींचंच सांगायचं. इथे पायडल उलटं मारलं की ब्रेक लागतो, म्हटलं. ते म्हणाले, मग हाताला काम काय? म्हटलं, हातात छत्री असते.

आता नवसाचं सांगते, कारण सगळं त्याच्यावरून घडलं. माझं माहेर कोयनेच्या काठावरचं. मी चौथीत असताना गाव धरणात गेलं. आम्हाला सोलापूरकडे माळावर वसवलं. तिथे शाळा सुरू होईपर्यंत मी भाकऱ्या थापायला लागले होते. माझी आई प्रत्येक बाळंतपणानंतर सव्वा महिन्यानं कोयनेवर जायची, नदीची ओटी भरायची, बाळाचे पाय पाण्याला लावायची. माळावर आल्यावर धाकट्या भावाच्या वेळी तिनं विहीर पुजली आणि घरी येऊन रडली. विहिरीला कुठे जायचं नसतं, म्हणाली, ती पोराला काय सांगणार.

मेधाला आधी दोन वेळा दिवस गेले, पण मूल टिकलं नाही. तिसऱ्या वेळी मी कराडला संगमावर, जिथे कोयना कृष्णेला मिळते तिथे उभी राहून बोलले होते की सव्वा महिन्याला बाळाला घेऊन वाहत्या नदीवर जाईन. कुठली नदी ते बोलले नव्हते. हे बरं झालं असं मला एनस्खेडेत वाटलं, कारण घरापासून पाच मिनिटांवर केवढी तरी रुंद, सरळ, गच्च भरलेली नदी होती. तिच्यावरून बोटी यायच्या. मी आल्यापासून रोज तिला नमस्कार करत होते.

डिसेंबर

सव्वा महिना झाला त्या दिवशी मेधा म्हणाली, "पाच मिनिटं हं आई. बाहेर दोन डिग्री आहे." ईराला चार कपड्यांत गुंडाळून ढकलगाडीत ठेवली. काठावर कोणी नव्हतं. मी हळद-कुंकू वाहिलं, तांदूळ सोडले, बाळाच्या तळव्याला पाण्याचं एक बोट लावलं आणि नारळ सोडला. ईरा कळवळून रडली. पाच मिनिटांत आम्ही घरी.

दुसऱ्या दिवशी दूध आणायला जाताना बघते तर नारळ तिथेच. जिथे सोडला तिथे, काठाला लागून, शेंडी वर करून. म्हटलं, वारा उलटा असेल. तिसऱ्या दिवशीही तिथेच. त्याच दिवशी ईराला सर्दी झाली. रात्री खोकायला लागली. मेधानं इथल्या घरच्या डॉक्टरकडे, हाउसआर्ट्सकडे नेलं. त्यांनी तपासलं आणि म्हणाले, साधी सर्दी आहे, थांबा. औषध काही नाही. फक्त थांबा.

मेधानं घरी येऊन ईराला झोपवलं. मग स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून म्हणाली, "तुझ्या नवसापायी नेलं तिला थंडीत. मी नको म्हणायला हवं होतं."

माझ्या मनात वेगळंच होतं. नारळ घेतला नाही नदीनं, म्हणून हे झालं. पण तिला ते सांगायची सोय नव्हती. दोघींना एकाच लेकराची काळजी, आणि दोघी दोन खोल्यांत.

चौथ्या दिवशी मी अंगणातली एक काठी घेऊन गेले आणि नारळ ढकलायला लागले. ढकलला की हातभर जायचा, पुन्हा माझ्याकडे यायचा. मागून कोणीतरी म्हणालं, "पानी?"

मुतिंता होती, सायकल हातात धरून. तिच्या गावात, चोमात, गुजराती माणसाचं कापडाचं दुकान आहे. शाळेत असताना सुट्टीत ती तिथे काम करायची. म्हणून तिला पानी, चलो, केम छो आणि सस्तू एवढे शब्द येत. मी नारळाकडे बोट केलं, मग पुढे बोट केलं, जा, जा. तिनं पाण्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. मग माझ्या हातातली काठी काढून घेतली आणि मला घरी आणून सोडलं.

मेधाशी ती इंग्रजीत बोलली. मेधाचा चेहरा बदलत गेला आणि शेवटी तिला हसू आलं. चार दिवसांत पहिल्यांदा. "आई, ही नदी नाहीये. कालवा आहे. माणसांनी खणलेला, मालाच्या बोटींसाठी. आणि तो इथे एनस्खेडेतच संपतो. पुढे जायला वाटच नाही."

मुतिंता काहीतरी गंभीरपणे म्हणाली.

"ती म्हणतेय, तुमच्या नारळाचा वेग तिनं मोजला. शून्य."

मी खुर्चीवर बसले. दोन महिने मी कालव्याला नमस्कार करत होते. आणि नवस फिटलाच नव्हता.

पोळपाटावरच्या नद्या

त्या दिवशी मुतिंताला जेवायला थांबवलं. मी पोळ्या लाटत होते. तिला माझ्याबद्दल काय वाटलं असेल या लाजेनं मी मेधाला म्हटलं, "तिला सांग, आमच्याकडच्या नद्या वाहतात. म्हणून फसले. आणि विचार, तिच्याकडे नद्या आहेत का."

मेधा म्हणाली, "आई, ती नद्यांचंच शिकतेय."

मुतिंतानं पोळपाट ओढून घेतला. परातीतलं पीठ घेऊन पोळपाटावर पसरलं आणि बोटानं रेघ काढली. ही झांबेझी. हिच्यावरूनच देशाला नाव पडलं. वायव्येला डोंगरात उगवते, शेजारच्या देशात थोडी जाऊन येते, मग पुन्हा झांबियात. इथे मोठं मैदान आहे. दरवर्षी पुरात ते बुडतं, आणि तिथला राजा काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांच्या भल्या मोठ्या नावेत बसून, ढोल वाजवत, सगळ्या लोकांसह उंच जागी राहायला जातो. पाणी उतरलं की परत. पूर येणार हे धरूनच त्यांचं सगळं चालतं. पुरानं गाळ येतो, गाळावर शेती होते, गुरांना गवत होतं.

"म्हणजे पुराला भीत नाहीत?" मी विचारलं.

"पूर आला नाही तर भितात," मेधानं तिचं उत्तर सांगितलं.

पुढे झांबेझी एका कड्यावरून खाली पडते, एवढी जोरात की तुषारांचा धूर लांबून दिसतो. मग दुसरी रेघ, काफुए. ही देशाच्या मधून येते. राजधानी लुसाका हिचं पाणी पिते, तांब्याच्या खाणींचा मुलूख हिच्याच वरच्या अंगाला, आणि हिच्या घळीत वीज होते. तिसरी लुआंग्वा, पूर्वेची. तिच्यावर धरण नाही. पाणघोडे म्हशींसारखे पडून असतात. मुतिंताची ही सगळ्यात लाडकी. या दोघी झांबेझीला मिळतात आणि सगळ्या मिळून हिंदी महासागरात जातात.

चौथी रेघ तिनं उलट्या बाजूला नेली. चांबेशी. ही दलदलीत शिरते, कोणाचं ऐकत नाही, आणि पार काँगोत जाऊन दुसऱ्याच समुद्राला मिळते.

"प्रत्येक घरात एक असते अशी," मी म्हटलं. मेधानं ते सांगितल्यावर मुतिंतानं स्वतःकडे बोट केलं.

मग तिनं झांबेझीच्या रेघेवर, मध्ये, कणकेची एक छोटी गोळी ठेवली. आणि गोळीच्या मागे तर्जनी फिरवून मोठा लांबट खळगा केला. करिबा, म्हणाली. धरण.

तिची आजी त्या खोऱ्यातली, टोंगा लोकांतली. नदीच्या अगदी काठाला त्यांचं शेत होतं, वर्षातून दोन पिकं यायची. धरण झालं तेव्हा त्यांना ट्रकांत घालून वर कोरड्या रानात नेलं. आजी सांगते, नदीत एक देव आहे, सापाचं अंग आणि माशाचं तोंड. धरण झालं तेव्हा तो एका बाजूला राहिला आणि त्याची बायको दुसऱ्या बाजूला. तिला भेटायला तो धडपडतो, म्हणून अधूनमधून तिथली जमीन हलते.

मी लाटणं खाली ठेवलं. "आमच्याकडेही धरण झाल्यावर भूकंप झाला. सदुसष्ट साली. आम्ही माळावर होतो तरी भांडी पडली."

मेधा भाषांतर करता करता थांबली. तिला माझं गाव बुडालं एवढं ठाऊक होतं. आम्हालाही ट्रकनं नेलं, माझ्या आईनं जातं मांडीवर घेऊन प्रवास केला, हे मी तिला कधी सांगितलं नव्हतं. सांगण्यासारखं काय त्यात, असं वाटायचं. मुतिंतानं विचारलं म्हणून सांगितलं. तिनं पुढे विचारलं, विजेचं काय? मी म्हटलं, तारा आमच्या माळावरूनच जायच्या. दिवे पुष्कळ वर्षांनी आले.

"सेम," मुतिंता म्हणाली. त्याला भाषांतर लागलं नाही.

तरी ती धरणाला शिव्या देणारी नाही. तिचं म्हणणं, त्या विजेवर दवाखाने चालतात, खाणी चालतात, तीही त्याच विजेच्या दिव्याखाली शिकली. धरणाच्या तळ्यात लोक रात्री दिवे लावून बारीक मासळी पकडतात, ती वाळवून देशभर जाते. फक्त धरणातून पाणी कधी आणि किती सोडायचं, ते खालच्या शेतकऱ्याला आणि माशाला विचारून सोडावं. त्यासाठी आधी मोजता आलं पाहिजे. म्हणून ती शिकतेय. मला ते पटलं. आम्हाला कोणी मोजलं नव्हतं असं नाही, पण विचारलं नव्हतं.

जाताना तिनं मेधाला काहीतरी सांगितलं. मेधा म्हणाली, "ती दर गुरुवारी डेव्हेन्टरला जाते, नदीचं पाणी बाटल्यांत भरायला. खरी नदी आहे, आयसेल. ऱ्हाइनचाच एक फाटा. तिला चिठ्ठ्या लावायला माणूस हवंय, म्हणे."

"तिला खरंच हवंय?"

"नाही," मेधा म्हणाली. मग पोळपाट पुसत, "ईरा येणार नाही. पण तू जा."

डेव्हेन्टर, जानेवारी २००६

मधले आठवडे नाताळात गेले. मुतिंताही मैत्रिणीकडे गेली होती. परतीच्या विमानाला सहा दिवस उरले तेव्हा गुरुवार आला. ईराची सर्दी तोवर उतरली होती. हे मुद्दाम लिहिते, नाहीतर वाचणारीला वाटेल नदीवर गेल्यामुळे उतरली.

पाऊण तासाचा आगगाडीचा प्रवास. मेधानं माझ्या कोटाच्या खिशात पत्ता, फोन नंबर आणि 'मी हरवले आहे' अशी चिठ्ठी घातली होती. मी पिशवीत नवा नारळ, तांदूळ, हळद-कुंकू, एक हिरवं खणाचं कापड आणि ईराचं अंगातलं झबलं घेतलं होतं. मुतिंताकडे थंड पेटी, बाटल्या आणि दोरी. समोरच्या बाकावरचे आजोबा कधी माझ्या नारळाकडे तर कधी तिच्या दोरीकडे बघत होते.

स्टेशनातून बाहेर पडून पंधरा मिनिटं चाललो आणि गाव एकदम संपलं. पुढे नदी. मी आधी उभी राहून पाहिलं. एक वाळकी फांदी आली आणि गेली. मग बदकं आली, पाय न हलवता पुढे गेली. पाणी मातकट, रुंद. पलीकडच्या काठाचं गवताचं रान पाण्याखाली गेलं होतं, झाडं गुडघाभर पाण्यात उभी होती. मुतिंतानं हातानं दाखवलं, हिवाळ्यात नदीला पसरायला ही जागा मुद्दाम मोकळी ठेवतात. मग डोक्यावर बोटांचा मुकुट करून वल्ही मारली. तिच्याकडच्या राजासारखं. मला कळलं.

आधी तिचं काम. तिनं दोरीनं भांडं सोडून पाणी काढलं, सहा बाटल्या भरल्या, मी चिठ्ठ्या चिकटवल्या. सहाही सरळ लागल्या. मग तिनं माझ्याकडे बघून म्हटलं, "आई, चलो."

मी पाण्यापाशी उतरायला गेले आणि काठाचा चिखल फसवा निघाला. डावा पाय गुडघ्यापर्यंत आत. मुतिंतानं काखेत हात घालून ओढलं. पाय निघाला, बूट राहिला. तो तिनं हात घालून काढला. तशीच एका बुटावर उभी राहून मी हळद-कुंकू वाहिलं, तांदूळ सोडले, ईराच्या झबल्याचं टोक पाण्यात बुडवलं. आणि नारळ सोडला.

तो क्षणभर थांबला. मग फिरला आणि धारेला लागला.

कुत्रं घेऊन चाललेला एक माणूस थांबला होता. त्यानं इंग्रजीत विचारलं, नदीत काय टाकताय? मला वाटलं, झालं, आता पोलीस. मुतिंता शांतपणे म्हणाली, "मेजरमेंट." आणि खरंच तिच्या हातात घड्याळ होतं. एका खांबापासून दुसऱ्या खांबापर्यंत नारळाला किती वेळ लागला ते ती बघत होती. नंतर मेधानं सांगितलं, नदीचा वेग मोजायची ती एक साधी जुनी रीत आहे, संत्रंसुद्धा सोडतात. माणसानं मान डोलावली आणि तोही आमच्याबरोबर नारळाकडे बघत राहिला. नारळ पुलाखालून गेला तेव्हा तो म्हणाला, "मोय." हा शब्द मी ओळखत होते. छान.

नारळ दिसेनासा झाल्यावर मुतिंतानं खिशातून कागदाची पुडी काढली. मक्याचं पीठ होतं. तिची आजी तळ्याकाठी गेली की असं चिमूटभर सोडते, पाण्याखालच्या तिच्या गावावर. मुतिंतानं ते आयसेलमध्ये सोडलं. मी हिरवं खणाचं कापड नदीला द्यायला आणलं होतं. ते मी मुतिंताच्या ओंजळीत घातलं, वर उरलेले तांदूळ, आणि कुंकू लावलं. ओटी नदीची भरली काय आणि तिची भरली काय.

घरी पोचले तेव्हा लुगड्याला गुडघ्यापर्यंत चिखल वाळलेला. मेधानं दार उघडलं, माझ्या पायांकडे पाहिलं. रागावेल असं वाटलं.

"गेला का नारळ?" तिनं विचारलं.

"गेला. मुतिंतानं वेळ लावलाय."

मुतिंतानं थंड पेटीतून सातवी बाटली काढून तिच्या हातात दिली. मला न कळता भरली होती. चिठ्ठीवर तारीख, नदीचं नाव, आणि नमुना क्रमांकाच्या जागी इंग्रजीत ईरा. मेधानं ती चिठ्ठी पुष्कळ वेळ वाचली, तेवढं काही लिहिलेलं नव्हतं तरी. मग पाणी पातेल्यात ओतलं, उकळलं, कोमट होईपर्यंत थांबली, आणि स्वतःच ईराचे मोजे काढून तिचे पाय त्यात बुडवले. ईरा या वेळी रडली नाही. मेधानं मला विचारलं, "आजी अजून काय काय करायची? सांग."

आम्ही विमानतळावर जाईपर्यंत मी सांगत होते.

मुतिंताच्या उपकाराची फेड राहिली. निघताना मी तिला विचारलं होतं, तुझ्या आजीचं गाव कधी वर येतं का? ती नाही म्हणाली. करिबाचं तळं तेवढं कधी उतरत नाही. आजीचं घर तिनं पाहिलेलं नाही, आणि पाहणार नाही.

माझं गाव दिसतं. मे महिन्यात कोयनेचं पाणी उतरलं की देवळाचा चौथरा उघडा पडतो, घरांची जोती दिसतात, आमच्या उंबऱ्याचा दगडही. मुतिंता, शिक्षण झालं की तू इकडे ये. कुठल्याही मे महिन्यात ये. मी तुला त्या गाळातून हात धरून नेईन, बूट राहिला तर मी काढून देईन, आणि माझ्या आईच्या उंबऱ्यावर बसवून तुला भाकरी वाढीन. पाण्याखालचं घर कसं असतं ते तुला एकदा दाखवायचं आहे. ते मी दाखवीन.